तेओदोराचं वाळवण

नेपल्स, ३ ऑक्टोबर १७९१

लिबोरिओदादांच्या हाताला ओठ लावून क्रेशेन्झो लिहितो.

सप्टेंबर संपला, म्हणजे तेओदोरासाठी तुम्ही पहिल्या तारखेला सुरू केलेल्या, रोज वेदीवर एक अशा तीस मिस्साही संपल्या असतील. चुलतभाऊ धर्मगुरू असण्याचा एवढा तरी फायदा आम्हा आचाऱ्यांना व्हावा. तिसावी मिस्सा झाली की जीव शुद्धिस्थानाच्या आगीतून सुटतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून विचारतो, दादा, सुटलेला जीव घरी का येईल?

तुम्हाला आठवत असेल, ती गेली तेव्हा गच्चीवर टोमॅटोचं वाळवण घातलेलं होतं. तीन दिवसांचा ताप, आणि फळ्यांवरचा गर अजून ओला. पुढचं सासूबाईंनी पुरं केलं. बारा बरण्या झाल्या, प्रत्येकीच्या तोंडाशी तिच्या रीतीप्रमाणे सब्जाचं पान. त्यातली एक तुम्हाला पाठवली होती, पोचली का ते तुम्ही अजून कळवलं नाहीत.

उरलेल्या टोमॅटोंचं एक शेवटचं वाळवण मी गेल्या आठवड्यात घातलं. सकाळी गर पसरायचा आणि दुपारी हाताने उलथून पुन्हा सारखा करायचा. मी ड्यूकसाहेबांच्या वाड्यावर होतो आणि गच्चीची किल्ली माझ्या खिशात. परत येऊन बघतो तर गर उलथलेला, सारखा केलेला. त्यावर बोटांचे फराटे. तीन बोटं पूर्ण, चौथं अर्धं.

तेओदोराची उजवी करंगळी अर्धीच होती, हे तुम्हाला माहीत आहे. लग्न तुम्हीच लावलंत. अंगठी घालताना माझ्याआधी तुम्हालाच ते दिसलं होतं.

सासूबाई म्हणतात, तिला वाळवण अर्धं टाकून जाता येत नाही. मी काय समजू?

तुमचा,
क्रेशेन्झो


रोक्काविएल्ला, ११ ऑक्टोबर १७९१

प्रिय क्रेशेन्झो,

तुझं पत्र माझ्या स्वयंपाकिणीने, प्रुदेन्झाने मला नाश्त्याबरोबर दिलं. तिच्या हातचा पाव पचवायला भुताखेतांची तोंडीलावणी बरी असतात.

कबुतराच्या पायाला पुढे तीन बोटं असतात आणि मागे एक आखूड. याला प्राणिशास्त्र म्हणतात. आमच्या पाठशाळेतली सर्वांत मठ्ठ मुलंही हे शिकतात, परंतु तू त्या वर्षी स्वयंपाकघरात पळून गेलास, त्याला माझा इलाज नाही. नेपल्सची कबुतरं दिवसभर तुमच्या गच्च्यांवरून फिरतात. ओल्या गरावर त्यांनी सामूहिक नृत्य केलं असेल तर तो उलथलेलाच दिसेल.

मिस्सांची काळजी करू नकोस. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मी शेवटची मिस्सा केली. तीस म्हणजे तीस, वेदीवर उभा राहून मोजलेल्या तीस. प्राचीन पंडितांनी प्रेतात्म्यांविषयी पुष्कळ लिहिलं आहे, पण एकानेही त्यांना भाजी उलथताना पाहिल्याची नोंद केलेली नाही.

बरणी पोचली. तू जाणतोसच की टोमॅटो हा धोतऱ्याचा चुलतभाऊ आहे आणि त्याच्या विषारी स्वभावावर मी एक लहानसा लॅटिन प्रबंध लिहिलेला आहे. सबब ती फडताळावर आहे.

जेवत जा. सासूबाईंचं ऐकत जाऊ नकोस.

तुझा,
लिबोरिओ


नेपल्स, ४ नोव्हेंबर १७९१

दादा,

कबुतराला कुलूप उघडता येतं का, तेवढं प्राणिशास्त्रात बघून ठेवा.

परवाच्या मृतांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी रीतीप्रमाणे टेबल मांडलं. पाणी, पाव, मेणबत्ती. तिच्यासाठी एका बशीत चीज घातलेल्या शेवया आणि शेजारी वाटीत तिच्याच वाळवणाचा सॉस. तो ती पाव बुडवून खायची. सासूबाई दोन दिवस पोझ्झुओलीला, माझ्या मेहुणीकडे. मी दाराला कुलूप घालून वाड्यावर गेलो, तिथंच झोपलो.

आता हे कधी कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली होती, "हा सॉस शेवयांवर घालून बघ की एकदा." मी हसलो. म्हटलं, "मी मोंझू आहे. फ्रेंच नावाचा, ड्यूकच्या वाड्यावरचा आचारी. शेवयांवर चीज पडतं, साखर पडते, दालचिनी पडते. टोमॅटो मांसाबरोबर नाहीतर अंड्याबरोबर. उद्या म्हणशील केकवर मासळी ठेव."

ती म्हणाली, "तू फ्रेंच कधीपासून झालास? तुझा बाप गाढवावरून कोबी विकायचा."

मी तरी केलं नाही. मग ऑगस्ट आला.

सकाळी कुलूप उघडलं. वाटी रिकामी होती आणि सॉस शेवयांवर होता. ओतलेला नाही, दादा, कालवलेला. प्रत्येक शेवईला लागलेला. चीज सगळं वेचून बशीच्या काठाशी ढीग करून ठेवलं होतं. आणि बशीतला एक घास कमी होता.

मेलेल्यांच्या टेबलावरचं अन्न भिकाऱ्यांना द्यायचं असतं. मी दाराला आतून कडी लावली आणि उभ्या उभ्या हाताने सगळं खाल्लं. थंडगार होतं. पंचवीस वर्षं मी लोकांच्या शेवया बिघडवत आलो, हे मला त्या घासाला कळलं.

मी पाप केलं का?

क्रेशेन्झो


रोक्काविएल्ला, १२ नोव्हेंबर १७९१

प्रिय क्रेशेन्झो,

भिकाऱ्यांचं अन्न खाल्लंस हे पाप, परंतु लहान. तीन वेळा प्रार्थना म्हण आणि तीन भिकाऱ्यांना जेवू घाल. त्यांना टोमॅटो देऊ नकोस, ते आधीच दुर्दैवी आहेत.

बाकीचं विचारशील तर मला मांजराचा संशय येतो. मांजर खिडकीतून येतं, त्याला किल्ली लागत नाही. चीज वेचून बाजूला ठेवणारं मांजर मी पाहिलेलं नाही हे मान्य, पण नेपल्सच्या मांजरांच्या शिष्टाचारावर माझा अभ्यास नाही. किंवा असंही असेल की तू स्वतःच निघण्यापूर्वी ते कालवलंस आणि विसरलास. शोकात माणूस पुष्कळ गोष्टी करतो आणि त्या आपण केल्या नाहीत असं स्वतःला पटवतो. हे मी अनुभवाने लिहितो.

एक विनंती. तो पदार्थ वाड्यावर वाढू नकोस. ते बरण्यांमधलं तसंच राहू दे. मेलेल्या माणसाच्या हातचं थोडं काही मागे राहिलं की ते सारखं उघडून बघावंसं वाटतं, आणि ते बरं नव्हे.

इथे थंडी लवकर पडली आहे. पहाटे मिस्सेसाठी उठतो तेव्हा चर्चच्या वस्त्रगृहात सब्जाच्या पानांचा वास येतो. नोव्हेंबरात सब्जा कुठला? प्रुदेन्झा म्हणते तिला येत नाही, पण प्रुदेन्झाला जळलेल्या पावाचाही वास येत नाही.

तुझा,
लिबोरिओ


नेपल्स, १० जानेवारी १७९२

दादा,

तुमची विनंती मोडली.

नाताळच्या खाण्याने डचेसबाईंचं पोट बिघडलं होतं. म्हणाल्या, "काहीतरी हलकं कर, आणि ते लोणी माझ्यासमोर आणू नकोस." मी तेओदोराची एक बरणी वाड्यावर नेली होती. का नेली, विचारू नका. तेल, लसणाची एक पाकळी, तिचं वाळवण पाण्यात सैल करून, आणि शेवया. बाईंनी बशी पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी पुन्हा मागितलं. दालनात मला बोलावलं. एक म्हातारे मार्क्विस म्हणाले, "मोंझू, हे कुणाचं डोकं?"

मी म्हणालो, "माझंच, हुजूर."

सगळ्यांनी हात वाजवले. मी वाकून मुजरा केला.

दुसऱ्या सकाळी मी गच्चीवरच्या खोपटातून वाळवणाची जुनी फळी काढली. वाड्यावर पीठ मळायला हवी होती. वाळलेला गर सुरीने खरवडला. खाली लाकडात पंजा उमटलेला होता. रंग लागलेला नव्हता, दादा. लाकूड करपलेलं होतं. तीन बोटं पूर्ण, करंगळी अर्धी. माझा हात त्यावर ठेवून बघितला, पंजा तिचा असायचा तेवढाच लहान.

हे कबुतर नाही. मांजर नाही.

फळी कापडात गुंडाळून वाड्यावरच्या पाद्रीबाबांना दाखवली. त्यांनी क्रुसाची खूण केली आणि विचारलं, "तीस मिस्सा झाल्या?" मी म्हटलं, झाल्या. ते म्हणाले, "सलग? एकही दिवस न तुटता? एक दिवस तुटला तर साखळी तुटली, पहिल्यापासून मोजायचं. पोळलेला हात दाखवणारा जीव अजून आगीत असतो."

घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं. पहिली मिस्सा एक सप्टेंबरला. शेवटची, तुमच्याच अक्षरात, एक ऑक्टोबरला. दादा, मी पाठशाळेतून पळालो खरा, पण सप्टेंबरचे दिवस तीसच असतात एवढं मला येतं.

मधला एक दिवस कुठे गेला?

क्रेशेन्झो


रोक्काविएल्ला, १८ जानेवारी १७९२

प्रिय क्रेशेन्झो,

तुझा प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळ देतो, सवय नसली तरी.

बावीस सप्टेंबर. पहाट. तुझी बरणी आदल्या संध्याकाळी खेचरवाल्याने आणून दिली होती. तोंडाचं कापड फुगल्यासारखं दिसलं, म्हणून वाटलं, नासलं की काय बघावं. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. लावल्यावर आठवलं की मला अजून मिस्सा करायची आहे, आणि मध्यरात्रीनंतर ज्याने काही खाल्लं त्याला त्या दिवशी वेदीवर उभं राहता येत नाही.

पहिलं बोट चुकीचं होतं. दुसरं नव्हतं. उपास मोडलाच आहे तर, असं म्हणून मी पुन्हा बोट बुडवलं. मग पाव आणला. क्रेशेन्झो, मी खिडकीशी उभा राहून चौथाई बरणी खाल्ली.

धाकट्या पाद्रीला मिस्सेला उभं करता आलं असतं. त्याला कारण सांगावं लागलं असतं. ज्याने टोमॅटोच्या विषावर लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला, तो पहाटे बरणीत बोट घालताना सापडला, हे सगळ्या गावाला कळलं असतं. म्हणून मी सर्दी झाल्याचं सांगून पडून राहिलो, आणि शेवटी एक दिवस वाढवून ती मिस्सा भरून काढली. तीस म्हणजे तीस, असं तुला लिहिलं ते खोटं नव्हतं. असत्याचा तो सर्वांत नीच प्रकार, आणि त्याचं व्याकरण मला उत्तम येतं.

तुझ्या लग्नाच्या जेवणात तेओदोराने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "गुरुजी, तुम्ही टोमॅटोवर एवढं लिहिलंत, खाल्लाय कधी?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग न चाखताच निकाल दिलात." लोक हसले. मीही हसलो, पण मनात ठेवलं. तिची बरणी उघडताना ते मनात होतंच.

आणि मग ऑक्टोबरभर मी तुला कबुतरांविषयी लिहीत बसलो. ती आगीत असताना.

सब्जाचा वास अजून येतो. आता मी त्याचं कारण प्रुदेन्झाला विचारत नाही.

परवापासून पहिल्यापासून सुरू करतो. क्षमा माग म्हणशील तर मागतो, पण तुझ्याकडे मागायची की तिच्याकडे, ते मला कळत नाही.

लिबोरिओ


नेपल्स, ३० जानेवारी १७९२

दादा,

तुमचं पत्र वाचून मी ते चुलीत घातलं होतं. मग चिमट्याने काढलं. कडा जळल्या आहेत. आठवडाभर लिहिलं नाही कारण जे लिहिलं असतं ते धर्मगुरूला लिहिण्यासारखं नव्हतं. तुमच्या एका जिभेपायी ती चार महिने आगीत. एवढंच लिहितो.

पण निरोप मिळाल्या मिळाल्या थांबा. सुरू केल्या असतील तरी थांबवा.

ती मला शिकवते आहे. तुम्ही हसाल, हसा. सॉसमध्ये सवयीने दालचिनी घालायला जावं तर डबा वरच्या फळीवर गेलेला असतो, जिथं माझा हात पोचत नाही. शेवया आम्ही वाड्यावर पाऊण तास शिजवतो, मऊ लगदा होईपर्यंत. आता उकळी आल्यावर थोड्याच वेळात झाकण वाजतं, एकदाच. मी शेवया काढतो. दाताला थोड्या लागतात. डचेसबाई म्हणाल्या, "आज काय केलंस?" परवा लसूण लाल व्हायच्या आत कढई आपोआप चुलीवरून सरकली.

अजून पुष्कळ राहिलंय. ओले टोमॅटो आले की त्यांचं काय करायचं, ते ती सांगणार होती. ऑगस्टपर्यंत थांबा, दादा. बावीस वर्षं मी तिचं ऐकलं नाही. आता ऐकायला लागलोय, तर तुम्ही तिला घालवून देता.

क्रेशेन्झो


रोक्काविएल्ला, ६ फेब्रुवारी १७९२

प्रिय क्रेशेन्झो,

तुझा निरोप चौदाव्या दिवशी मिळाला. मी थांबलो. म्हणजे ते चौदाही वाया गेले, पण तुला न विचारता सुरू करायला नको होतं. एकदा तुझ्या पाठीमागे हिशेब जुळवला, पुन्हा नाही.

आता तूच सांगशील तेव्हा. मी उपदेश करणार नाही, उपदेश करण्याइतका मी या प्रकरणात स्वच्छ नाही. एकच विचारतो, आणि त्यानंतर तू ऑगस्ट म्हणालास तर ऑगस्ट.

फळी अजून तुझ्याकडे आहे ना? ती पुन्हा बघ. मग तुझा हात चुलीवर धर, आचेच्या किती जवळ धरता येतो आणि किती वेळ, ते बघ. तू आचारी आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त वेळ धरता येईल.

ती तुला शिकवते आहे हे मी मानतो. कुठून शिकवते आहे, तेवढं लक्षात असू दे.

लिबोरिओ


नेपल्स, ९ फेब्रुवारी १७९२

दादा,

धरला. पाच मोजेपर्यंत.

सुरू करा.

क्रे.


रोक्काविएल्ला, ५ मार्च १७९२

प्रिय क्रेशेन्झो,

बारा फेब्रुवारीला सुरू केलं. काल बाविसावी झाली. मधे एकही दिवस तुटलेला नाही, आणि ही गोष्ट प्रुदेन्झाच्या आणि धाकट्या पाद्रीच्या साक्षीने लिहितो, कारण माझ्या शब्दाची पत तुझ्याकडे राहिलेली नाही हे मला समजतं. त्या दोघांना बरणीची हकीकतही सांगितली. धाकटा पाद्री इतका हसला की त्याला भिंतीला धरावं लागलं. गावात आता मला 'टोमॅटोगुरुजी' म्हणतात. प्रबंधाच्या प्रती मी चुलीसाठी प्रुदेन्झाला दिल्या. लॅटिन छान पेटतं म्हणते.

काल पहाटेचं सांगतो. उठलो तर बरणी फडताळावरून खाली, मेजावर. कापड सुटलेलं. शेजारी पाव कापून ठेवलेला, आणि इतका पातळ पाव प्रुदेन्झाला कापता येत नाही. खोलीभर सब्जाचा वास.

बाविसावा दिवस, क्रेशेन्झो. ती विसरली नव्हती.

मी हात पाठीमागे बांधले आणि मोठ्याने म्हणालो, "तेओदोरा, चाखलाय मी. निकाल बदलला." आणि मिस्सेला गेलो. परत आलो तेव्हा पाव तिथंच होता. तेव्हा खाल्ला.

शेवटची बारा तारखेला आहे. सकाळी सहाला. त्या वेळी तू जागा असलास तर बरं.

लिबोरिओ


नेपल्स, १३ मार्च १७९२

लिबोरिओदादांच्या हाताला ओठ लावून.

अकराच्या संध्याकाळी मी मृतांच्या दिवशीसारखं टेबल मांडलं. सासूबाई म्हणाल्या, "मार्च महिन्यात?" मी म्हटलं, "हो." मेणबत्ती त्यांनीच आणून ठेवली. उपासाचे दिवस, म्हणून चीज नाही. बशीत नुसत्या शेवया, वाटीत सॉस. घरातल्या शेवटच्या बरणीचा तळ होता तो, खरवडून काढला. फळीही मांडली, पंजा वर करून.

सकाळी सहाचे ठोके पडले तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. थोडा वेळ थांबून आत गेलो.

वाटी भरलेली होती. सॉसवर साय धरली होती. शेवयांचा एक गोळा झाला होता. दोन्ही जिथं ठेवलं तिथंच, अर्धं बोटसुद्धा हललेलं नाही. दालचिनीचा डबा खालच्या फळीवर, माझ्या हाताशी. वाळवणाच्या फळीवरचा पंजा आहे, पण मी त्यावर हात ठेवला तर लाकूड थंड होतं. आजवर ते कायम कोमट असायचं. हे तुम्हाला लिहिलं नव्हतं.

मी बराच वेळ झाकणाकडे बघत बसलो. वाजलं नाही.

मग उठून सॉस तापवला. पाणी ठेवलं, जुन्या शेवया टाकून नव्या उकळल्या. कधी काढायच्या ते माझं मी ठरवलं. एक तोडून दाताखाली धरली, जराशी लागली, तेव्हा काढल्या. वाटी उलटी केली आणि हाताने कालवलं, प्रत्येक शेवईला लागेपर्यंत. या खेपेला मी खाल्लं नाही. बशी घेऊन खाली शुद्धिस्थानच्या जिवांच्या चर्चपाशी गेलो आणि पायरीवरच्या भिकाऱ्यांना वाढलं.

एका म्हाताऱ्याने बोटं चाटली आणि विचारलं, "मोंझू, असल्या शेवया आम्ही कधी खाल्ल्या नाहीत. कुणाचं डोकं हे?"

मी म्हणालो, "माझ्या बायकोचं. तेओदोरा तिचं नाव."

क्रेशेन्झो